रविवारचे ताट

पुण्यात डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनच्या अखेरीस सव्वासातच्या आसपास. चौविहार पाळणाऱ्या घराला हा फरक पंचांग न उघडताही ठाऊक असतो; कारण चुलीवर डाळ केव्हा चढायला हवी, हे त्यावरच ठरते. बिबवेवाडीतील एका कुटुंबात तर रविवारची संध्याकाळ वर्षानुवर्षे याच हिशेबाने मोजली जाते. हिवाळ्यात पाच वाजता ताटे मांडली जातात, उन्हाळ्यात सहा वाजता. तीन भावांची तीन घरे आहेत, पण रविवारचे ताट एक आहे.

ही प्रथा कोणत्या ग्रंथातून आलेली नाही. ती वाटणीतून आली. कुटुंब मूळचे बार्शीकडचे. वडिलांनी ज्वारी आणि कडधान्यांच्या व्यापारावर संसार उभा केला आणि पुढे पुण्यात मार्केट यार्डाच्या भुसार विभागात गाळा घेतला. मुले कर्ती झाली, सुना आल्या, नातवंडे झाली. एका पेढीत तिघांची मने मावेनाशी झाली. भांडण उभे राहण्याआधीच वडिलांनी वाटणी करून दिली. थोरल्याकडे भुसाराचा गाळा, मधल्याकडे सुक्या मेव्याचा व्यवहार आणि धाकट्याकडे उपनगरातील तयार कपड्यांचे दुकान. सह्या झाल्यावर कागद बाजूला सारून ते एवढेच म्हणाले, "चुली तीन करा, पण आठवड्यातून एक जेवण एकत्र करा. पेढ्या वेगळ्या झाल्या की माणसं हिशेबानंच बोलायला लागतात. जेवताना तरी हिशेब नको." वडील जाऊन आता बरीच वर्षे लोटली. रविवारचे जेवण चालू राहिले.

आरंभीची ती जेवणे साधी असत. ज्याच्या घरी बैठक, त्याने भाकरी आणि डाळ करायची. उरलेल्या दोन घरांतून एकेक डबा यायचा. एका डब्यात गट्ट्याची भाजी असे, दुसऱ्यात कच्च्या केळ्याच्या काचऱ्या. शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेला पापड हे धरलेलेच. कढी करायची असली तर दही आधी तापवून घेतले जाई, कारण कच्च्या दह्यात बेसन पडले की द्विदलाचा दोष येतो. आल्याऐवजी सुंठ, कांद्या-लसणाच्या जागी हिंग. हे कोणी कोणाला सांगत नसे आणि कोणी विचारतही नसे. तिन्ही घरांची स्वयंपाकघरे एकाच हाताखाली शिकलेली होती.

तो हात बाईंचा. तिघा भावांच्या आईला लहानथोर सारे 'बाई' म्हणतात. त्या थोरल्याकडे राहतात. वय ऐंशीच्या पुढे. चौविहार लग्नाआधीपासूनचा, कंदमूळ जन्मात चाखलेले नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही. परंतु आपल्या नियमांचा त्यांनी कोणावर कधी भार टाकला नाही. सुनांना त्या म्हणत, "नियम माझा आहे, तुमच्या डोक्यावर त्याचं ओझं नको."

मग २०२० चे टाळेबंदीचे दिवस आले. एकाच भागातील तीन घरे काही महिने एकमेकांना दुरावली. नातवंडे घरात अडकली आणि मोबाइलवर पाहून स्वयंपाक शिकू लागली. फेसाळलेली डालगोना कॉफी त्याच दिवसांत घरोघरी झाली, तशी ती या तिन्ही घरांतही झाली. निर्बंध उठल्यावर रविवारच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा डब्यांचे रूप पालटले होते. प्रत्येक घराला काहीतरी नवे करून दाखवण्याची हौस आली होती. एका रविवारी क्विनोआचे सॅलड, पुढच्या रविवारी अव्होकाडो लावलेले टोस्ट, त्यानंतर चिया घातलेली खीर, बदामाच्या दुधाचे आइस्क्रीम, सोयाच्या टोफूची भाजी. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्या वर्षी थोरल्याच्या मुलाने ज्वारीच्या पिठाची अर्ध्या किलोची सुबक पाकिटे ऑनलाइन मागवली. गाळ्यावर उभा जन्म ज्वारी तोलणाऱ्या बापाने पाकीट उलटेसुलटे करून किंमत वाचली आणि म्हणाला, "यात आपलीच मालदांडी असणार. फक्त आता ती इंग्रजी बोलायला लागली आहे." सगळे खळखळून हसले. पाकिटातल्या पिठाची भाकरी मात्र सगळ्यांनी आवडीने खाल्ली.

नव्याची हौस वाईट म्हणता येणार नाही. आज ज्यांच्यावाचून घरचा स्वयंपाक अडतो, त्या कितीतरी वस्तू एके काळी परक्याच होत्या. मिरची, टोमॅटो, मका आणि शेंगदाणा ही सारी अमेरिका खंडातली पिके. पोर्तुगीज समुद्रमार्गाने आल्यानंतर ती आपल्याकडे रुजली. सोलापूर-बार्शीकडच्या ताटात शेंगदाण्याची चटणी नसेल तर जेवण अपुरे वाटते, पण पाचशे वर्षांपूर्वी तिथे शेंगदाणाच नव्हता. हिंग तर अजूनही अफगाणिस्तान आणि इराणकडून येतो. जैन स्वयंपाकघराने कोणत्याही वस्तूला तिचा गाव विचारला नाही. तिच्यात हिंसा किती, एवढेच विचारले. बटाटा त्या परीक्षेत अडला, मिरची पार झाली. बटाटा अडला म्हणून कच्च्या केळ्याची पावभाजी आली, कांदा अडला म्हणून बारीक चिरलेल्या कोबीची कुरकुर आली. मर्यादेतून काहीतरी नवे शोधणे ही या घरांची जुनी सवय आहे.

नव्या फॅशनींपैकी काहींना तर घरात जुनेच नाव होते. एका नातवाने इंटरमिटंट फास्टिंग सुरू केले आणि आपण दिवसातले किती तास काहीच खात नाही, हे तो अभिमानाने सांगू लागला. बाईंनी शांतपणे हिशेब मांडला. डिसेंबरात सहाला चौविहार, सकाळी सातला सूर्योदय आणि त्यानंतर दोन घटकांची, म्हणजे ४८ मिनिटांची नवकारसी. मिळून जवळजवळ पावणेचौदा तास. "माझं हे पासष्ट वर्षं चाललंय," त्या म्हणाल्या, "पण मी कधी काट्यावर उभी राहिले नाही." घड्याळ दोघांचे सारखे होते, हेतू निराळा होता. नातवाला वजन उतरवायचे होते. आजीला आसक्ती उतरवायची होती. ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, ही सहा बाह्य तपांतली एक. चैत्र आणि आश्विनातल्या ओळीत नऊ दिवस आयंबिल करणारा माणूस तेल, तूप, दूध, दही, गूळ-साखर सोडतो आणि दिवसातून एकदाच बसून जेवतो, तेही शरीर सडपातळ व्हावे म्हणून नव्हे.

याच प्रकरणात एकदा थोडक्यात निभावले. पुतण्याचे पाहून मधल्या भावानेही उपवासाचे तास सोळापर्यंत वाढवले. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. सकाळी दुकानात त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. नोकराने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी दिले. साखर उतरवणारी गोळी चालू असताना जेवणातील अंतर वैद्यकीय सल्ल्यावाचून वाढवू नये, हे डॉक्टरांनी खडसावून सांगितले. चौविहार ते पूर्वीपासून पाळत होते, पण त्याप्रमाणे औषधांच्या वेळा बसवून घेतलेल्या होत्या. फॅशनच्या भरात विचारायचे तेवढे राहून गेले होते.

असे असूनही रविवारची रंगत वाढतच होती. फोटो निघत होते, कौतुके होत होती. ताटांची मांडणी हॉटेलासारखी होऊ लागली. आणि या गडबडीत दोन माणसे ताटावरून हळूहळू उठून गेली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

पहिल्या बाई. आरंभी त्या विचारत, "यात काय काय आहे?" उत्तर येई, "बाई, सगळं व्हेज आहे." परंतु पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो, सॉसमध्ये लसणाची पूड आहे का, मसाल्यात कांदा आहे का, हे तो सांगत नाही. परदेशी चीज घट्ट करण्यासाठी काही वेळा वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. पाव यीस्टवर फुगतो, जेलीत जिलेटिन असू शकते, ड्रेसिंगमध्ये व्हिनेगर असते. करणाऱ्या मुलींनाही यातले निम्मे ठाऊक नव्हते. दोनचार वेळा बाईंच्या प्रश्नामुळे एखादी वाटी मागे सारावी लागली आणि करणारीचा चेहरा उतरला. त्यानंतर बाईंनी विचारणे सोडले. बैठकीला त्या येत, सगळ्यांमध्ये बसत, वाढायला हात लावत, कोणी आग्रह केला तर म्हणत, "माझं झालंय." सगळ्यांना वाटे, वयोमानाने भूक कमी झाली असेल.

दुसरे उठले ते धाकट्याचे घर. आधी मुलाची परीक्षा होती, मग सुनेला कणकण होती, मग दुकानात माल यायचा होता. कारणे खरी वाटावीत इतकी साधी होती. पाच रविवार असेच गेले.

एका रविवारी बैठक थोरल्याकडेच होती. साडेचार वाजता थोरली सून, जिला सारे भाभी म्हणतात, बाईंना बोलवायला त्यांच्या खोलीत गेली. बाई खिडकीपाशी बसून दुधाबरोबर खाखरा खात होत्या. बाहेर ओट्यावर सात पदार्थ मांडलेले होते. भाभी दारातच थबकली.

"बाई, हे काय? बाहेर सगळं तयार आहे."

"मला तुमच्या जेवणाला नाव ठेवायचं नाही गं," बाई म्हणाल्या. "पण प्रत्येक वाटीला 'यात काय' असं विचारायचं म्हणजे पोरांच्या आनंदात खडा टाकल्यासारखं होतं. म्हणून मी आधीच खाऊन घेते."

"किती दिवस?"

"दिवस कशाला मोजायचे?" मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "माझं सोड. धाकटी का येत नाही, ते कोणी विचारलं का? तिचंही माझ्यासारखंच आहे. मला पदार्थ चालत नाहीत, तिला परवडत नाहीत."

त्या रात्री भाभीला झोप लागली नाही. एका अव्होकाडोच्या पैशांत किलोभर तूरडाळ येते, हे तिला ठाऊक होते. पण हा हिशेब दुसऱ्या कोणाच्या घरी रोज मांडला जात असेल, असे मनात आले नव्हते. धाकट्याच्या दुकानात गिऱ्हाईक कमी झाल्याचे तिने उडत ऐकले होते. विचारावे तर जिव्हारी लागेल, न विचारावे तर अंतर वाढेल. मदत म्हणून काही पाठवावे तर ते परतच येईल, याची तिला खात्री होती. मंगळवारी तिने धाकटीला फोन केला आणि मदतीचा शब्दही न काढता एक मागणे केले.

"या रविवारी तुझ्याकडे जमू या. बाईंना ज्वारीच्या कण्या खायच्या आहेत. तुझ्या हातच्या लागतात त्यांना. दुसरं काही करू नकोस. आम्हीही काही आणणार नाही."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग धाकटी म्हणाली, "भाभी, ज्वारी घरात आहे. या सगळे."

कण्या हा काही पाहुण्यांपुढे ठेवायचा पदार्थ नव्हे. ज्वारी भरड दळायची, चाळून पीठ वेगळे काढायचे आणि राहिलेली रवाळ भरड ताकात शिजवायची. ताक आधी उकळून घ्यायचे, मीठ आणि जिरे घालायचे आणि तळाला लागू नये म्हणून ढवळत राहायचे. वर तूप, शेजारी चटणी. बार्शीकडे हे आजारपणातले आणि गरिबीतलेही अन्न. त्या रविवारी सतरा माणसे धाकट्याच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसली. बाईंनी काहीही न विचारता पहिला घास घेतला. त्यांनी दुसऱ्यांदा कण्या वाढून घेतल्या, तेव्हा भाभीने मान दुसरीकडे वळवली.

जेवणे होत आली असताना धाकटा बोलला. बोलायचे ठरवले होते असे नव्हे. ताटावर नजर ठेवून तो बोलत गेला. दोन हंगामांचा माल पडून होता. ऑनलाइन खरेदीमुळे लग्नसराईचे गिऱ्हाईकही तुटले होते. बँकेतले कॅश क्रेडिटचे खाते मर्यादेला टेकले होते आणि नूतनीकरण अडले होते. दोन व्यापाऱ्यांची बिले थकली होती. सगळे सांगून झाल्यावर त्याने थोरल्याकडे पाहिले.

"दादा, तुम्हांला ठाऊक होतं?"

"बाजारात कळलं होतं," थोरला म्हणाला. "घरी कळायची वाट पाहत होतो."

या वाक्याने धाकट्याला वाईट वाटले, तसे ते थोरल्यालाही वाटले. वडिलांनी एकत्र जेवण लावून दिले होते ते नेमके याचसाठी. भावाची अडचण गाळ्यावरच्या दलालाकडून कळावी आणि दर रविवारी जमूनही ताटावर कळू नये, यात सगळ्यांचीच चूक होती. ताटे भरगच्च होती, पण त्यांवर अडचण सांगण्याइतकी जागा उरली नव्हती.

पुढे जे झाले ते व्यवहाराला धरून झाले. दुसऱ्या दिवशी तिघे भाऊ दुकानात बसले. मालाची यादी झाली; न विकला जाणारा माल तोटा सोसून काढून टाकायचे ठरले. जुने कर्ज फेडायला नवे कर्ज काढायचे नाही, यावर थोरला अडून बसला. थकलेली दोन बिले मधल्याने भागवली आणि धाकट्याने ती रक्कम आग्रहाने वहीत उधार म्हणून लिहून घेतली. बँकेकडे मर्यादा वाढवून न मागता कमी करून मागितली. खाते रुळावर यायला सव्वा वर्ष लागले. दुकान आज लहान आहे, पण चालू आहे.

रविवारच्या जेवणाला मात्र त्या दिवसापासून तीन नियम आले. कोणी ते कागदावर लिहिले नाहीत. पहिला नियम असा, की बाईंना चालेल तेच ताटात येईल. बसणाऱ्यांमध्ये ज्याचा नियम सर्वांत कडक, त्याची मर्यादा ती सगळ्या ताटाची मर्यादा. दुसरा असा, की पदार्थ तिन्ही घरांच्या महिन्याच्या किराण्यातून व्हायला हवा. ज्या वस्तूसाठी एखाद्या घराला विचार करावा लागेल, ती आणायची नाही. तिसरा असा, की नवा पदार्थ एका रविवारी एकच, आणि त्यात काय आहे हे करणारीने विचारण्याआधी सांगायचे. हा तिसरा नियम धाकट्या मुलींनीच सुचवला. विचारावे लागणे हेच बाईंना जड जात होते, हे त्यांना उमगले होते.

श्रावकाच्या बारा व्रतांत शेवटचे व्रत अतिथिसंविभागाचे आहे. आपण ते प्रामुख्याने साधू-साध्वींना शुद्ध आहार देण्याशी जोडतो आणि ते योग्यच आहे. साधूंना वहोरावताना पदार्थ त्यांच्या आचारात बसेल की नाही, हे पाहण्याची काळजी घरातले प्रत्येक जण घेते. देणाऱ्याची हौस तिथे गौण असते, घेणाऱ्याची मर्यादा मुख्य असते. तीच काळजी आपल्या घरच्या माणसांच्या ताटाला लागू केली, तर रोजच्या जेवणातही त्या व्रताची थोडी सावली उतरेल. ज्या ताटावर बसायला एखाद्याला कारण शोधावे लागते आणि ज्यावरून उठायला दुसऱ्याला निमित्त सांगावे लागते, ते कितीही सजवलेले असले तरी वाटून घेतलेले नसते.

या कुटुंबाने नवे पदार्थ सोडले असे मात्र नाही. ज्वारीच्या पिठाचे धिरडे आणि त्यावर ढोबळी मिरची-टोमॅटो पसरून केलेला 'पिझ्झा' आता मुलांचा ठरलेला पदार्थ आहे. नाचणीचे लाडू तिन्ही घरांत होतात. अव्होकाडो पुन्हा दिसला नाही; कोणी त्याची आठवणही काढली नाही.

क्विनोआचे एक पाकीट मात्र थोरल्याच्या कपाटात उरले होते. अन्न टाकायचे नाही, म्हणून एका रविवारी नातसुनेने ते बाहेर काढले, स्वच्छ धुतले आणि कण्यांसारखे उकळलेल्या ताकात शिजवले. वाटी घेऊन ती बाईंशेजारी येऊन बसली आणि तिने सगळे सांगितले. हे दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया-पेरूकडचे बी आहे, कंद नाही, कडधान्यही नाही. ताक उकळून घेतले आहे. मीठ, जिरे आणि तूप एवढेच घातले आहे. बाईंनी लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि चमचाभर तोंडात घातले.

"कण्यांची सर नाही," त्या म्हणाल्या, "पण वाईट नाही. मीठ थोडं कमी पडलंय."

नातसून मीठ आणायला उठली. सूर्य मावळायला अजून वीस मिनिटे होती. बाईंनी वाटी पुढे केली.